सनईची पिशवी

"तंबाखू खाता का, आजोबा?"

"सोडली," आबा म्हणाले.

"कधी सोडली?"

"मगाशी. तुमच्या दारात."

मला हसू फुटलं. डॉक्टर मृण्मयी मगदूम हसल्या नाहीत. "दारात सोडलेली जाताना परत उचलाल," त्या म्हणाल्या. "आधी महिनाभर सोडून दाखवा, मग दातांसाठी बसवायच्या खिळ्यांचं बोलू. तंबाखूच्या तोंडात हाड खिळा धरत नाही."

"बरं," आबा म्हणाले. बोलल्याप्रमाणे त्यांनी ती सोडलीही. माझे सासरे, सिदू केंगार. सत्तरी उलटलेला माणूस. दवाखान्याच्या त्या आडव्या खुर्चीत पटका छातीवर धरून पडले होते. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझे पती उत्तम. ते पाटबंधारे खात्यात अधिकारी. ऑफिसात सगळे त्यांना साहेब म्हणायचे, म्हणून मीही घरात थट्टेनं साहेब म्हणू लागले आणि पुढे ते अंगवळणीच पडलं.

"साखर आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आबांना? छे! ठणठणीत आहेत," साहेब म्हणाले.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या?"

"काही नाही. साधी डोकेदुखीची गोळी घेत नाहीत."

"केंगार साहेब," डॉक्टर म्हणाल्या, "रक्त मी तपासणारच आहे, पण विचारतेय ते आजोबांना. तोंड त्यांचं आहे." मग आबांकडे वळून त्यांनी विचारलं, "हाडं ठिसूळ होतात म्हणून कधी सलाईनमधून औषध घेतलंय? वर्षातनं एकदा देतात तसं?"

"न्हाई, बाई."

"बरं. दिवसभर काय करता? काम काय असतं?"

आबांनी मान वळवली आणि साहेबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"शालन, ती पिशवी घिऊन भाईर बस. पायात येतीया."

पिशवी खुर्चीच्या पलीकडे भिंतीशी टेकलेली होती, कुणाच्याच पायात येत नव्हती. पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला? मी ती उचलली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. बाहेर माशांची पेटी होती. एक मासा सारखा काचेला तोंड लावून उघडझाप करत होता. त्यालाही दात दाखवायचे असावेत.

पिशवीत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली सनई होती. आबा तिला घरी ठेवून कुठे जात नसत. एसटीत, बाजारात, मयतीला, सगळीकडे ती बरोबर.

दात हवे होते तेही तिच्यासाठीच. वरचे दात गेले तेव्हा आबांनी कवळी करून घेतली. पण तासगावकडच्या एका लग्नात शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता उडाल्या, आबांनी जोरात फुंक घातली आणि कवळी सुटून मांडवात जाऊन पडली. नवरदेवाच्या मामानं ती पायानं बाजूला सारली. मांडव हसला, आबाही हसले. घरी आल्यावर कवळी त्यांनी कोनाड्यात ठेवली आणि त्या दिवशी जेवायला आले नाहीत.

"भाकरी मी कुस्करून खाईन, शालन," ते मला म्हणाले होते. "पर वरचा व्हट आत जातुया. सनईची पत्ती धरत न्हाई. वारं कडंनं पळतंय."

लग्नाच्या सुपाऱ्यांचं त्यांना फारसं काही नव्हतं. काळजी होती ती नाथाच्या यात्रेची. माणदेशातल्या आमच्या गावात यात्रेच्या सकाळी पालखी देवळापुढच्या ओट्यावर मांडतात. भोई वाकून उभे राहतात, पण खांदा देत नाहीत. खाली, पायरीच्या अलीकडे, केंगारांची सनई वाजायची असते. पहिली फुंक केंगारांची. ती कानावर पडली की पालखी उठते, त्याआधी नाही. आबांच्या आधी त्यांचे वडील, त्यांच्या आधी त्यांचे. पायरी चढून वर जायची मुभा आम्हाला फार उशिरा मिळाली. तोवर आम्ही खालूनच देवाला उठवत होतो.

साहेबांनाही आबांना दात हवे होते. भाकरी दुधात भिजवून चाटणारा बाप त्यांना बघवत नव्हता, हे खरं. मिरजेला आमच्या नव्या घरी माणसं येत-जात आणि आत गेलेल्या ओठांचा, पटकेवाला म्हातारा सोफ्यावर बसलेला असे, हेही खरं. शेजारी विचारत, "वडील काय करतात?" साहेब म्हणत, "गावी शेती बघतात." शेती म्हणजे बांधावरच्या दोन बोरी.

यावरून त्यांना कुणी वाईट म्हणू नये. लहानपणी साहेब आबांच्या शेजारी बसून सूर धरत. सूर म्हणजे सनईची बहीणच, पण तिला गाणं नसतं. आबा वर हव्या त्या चाली वाजवणार आणि सूरवाल्यानं खाली एकच एक आवाज, दम न तोडता, धरून ठेवायचा. असंच एका लग्नात वर्गशिक्षकांनी त्यांना ओळखलं. "अरे, हा तर आपला केंगार! वर्गात पहिला आणि इथं पिपाणी?" मास्तर प्रेमानंच म्हणाले होते. वर्गातली निम्मी मुलं मांडवात होती. वाजंत्र्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी, उकिरड्याच्या बाजूला बसायची. त्या दिवशी साहेब पंगतीला बसले नाहीत आणि पुन्हा कधी त्यांनी सूर तोंडाला लावला नाही. लग्नानंतर एकदाच त्यांनी मला हे सांगितलं आणि लगेच दिवा मालवला.

माझ्या माहेरीही हलगी होती. पण मला कुणी वर्गात पहिलं बसवलं नव्हतं, त्यामुळे मला पडायला तेवढी उंची नव्हती.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं तेव्हा आबांच्या जबड्याचा फोटो पडद्यावर लावलेला होता.

"तुम्हीपण बघून घ्या, घरी काळजी तुम्हीच घेणार," त्या मला म्हणाल्या. "हे वरच्या जबड्याचं हाड. इथं मागं, गालाच्या आत, हवेची पोकळी असते. दात गेले की ती खाली उतरते. आजोबांचं हाड इथं पापडाएवढं पातळ राहिलंय. त्यात खिळा उभा राहणार नाही. म्हणून पोकळीचा पडदा अलगद वर उचलायचा, खाली हाडाची भुकटी भरायची आणि मग खिळे. चार बसवू, दोन पुढं, दोन मागं. वर पक्की कवळी."

"पडदा जाड असतुया?" आबांनी विचारलं.

"अंडं सोलताना आत पापुद्रा लागतो ना? तेवढा."

आबांनी स्वतःच्या गालावरून बोट फिरवून पाहिलं.

महिनाभरानं रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. तंबाखू सुटली होती आणि आबा दिवसभर बडीशेप चघळत चिडचिड करत होते. डॉक्टरांनी तोंड हुंगून खात्री करून घेतली. "येत्या काही महिन्यांत घरात लग्न, प्रवास, काही धावपळीचं आहे का? असेल तर पुढं ढकलू. घाई नाही," त्या म्हणाल्या.

"काही नाही. करून टाका," साहेब म्हणाले.

चैत्रातली यात्रा दोन महिन्यांवर आली होती. मी आबांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

ऑपरेशन नीट झालं; चार खिळे बसले आणि ओठाला आधार म्हणून पुढच्या दोघांवर तात्पुरते दातही लागले. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

"नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. नळीनं काही ओढायचं नाही, फुगा फुगवायचा नाही. गावाकडं चूल असेल तर फुंकणी हातात धरायची नाही. आतला पडदा अजून कच्चा आहे. जोर दिला की फाटेल. पाच-सहा महिने सांभाळा."

"आन शंक, बाई?" आबांनी सुजलेल्या तोंडानं विचारलं.

"शंख तर मुळीच नाही. का हो, फुंकता का?"

"न्हाई. इचारलं आपलं."

साहेब गाडीच्या किल्ल्या शोधत होते. त्या त्यांच्या हातातच होत्या.

परतताना गाडीत मी विचारलं, "अहो, डॉक्टरीणबाईंना सनईचं सांगितलंय ना?"

"सांगितलंय सगळं."

"मग यात्रेचं काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बघू." साहेबांनी गिअर बदलला. आबा मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी विश्वास ठेवला. न ठेवायला काही कारणच नव्हतं.

यात्रेला आबांनी पुतण्याला सांगून ठेवलं होतं. लहू केंगार, कराडकडच्या एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. "पहिली फुंक तू घाल, रक्त आपलंच हाय," आबा त्याला म्हणाले होते. साहेबांना ऑफिसचा दौरा होता, निदान ते तसं म्हणाले. मी आणि आबा एसटीनं गेलो. पिशवी माझ्याकडे होती. मी मुद्दामच सोडली नव्हती.

सकाळी पालखी ओट्यावर मांडली. गुलाल उधळला. हलगी, ढोल सगळं थांबलं, कारण आता सनईची पाळी. लहूचा पत्ता नव्हता. कुणीतरी म्हणालं, त्याच्या बँडला दुसरीकडची वरात मिळाली. फोन बंद. एवढं सगळं गाव उन्हात गप्प उभं होतं. भोई वाकले होते, त्यातला एक हळूच कंबर धरून सरळ झाला.

"सिदा, उन्ह चढलं की," ओट्यावरून म्हातारे गुरव म्हणाले. "देव ताटकळलाय."

आबांनी माझ्यापुढे हात केला.

"नको, आबा. अंड्याचा पापुद्रा म्हणाल्यात त्या."

"पालखी उठंपातुर, पोरी. यकच फुंक."

"लहूची वाट बघू. नाहीतर दुसरं कुणी—"

"दुसरं कोन?" आबा म्हणाले. "हाय का कोन केंगारांत?"

होता एक. तो दौऱ्यावर होता.

मी पिशवी मागे धरली. त्यांनी ओढली नाही, नुसता हात पुढे ठेवला. सगळी यात्रा बघत होती. शेवटी मीच फडकं सोडलं.

आबांनी पत्ती ओली केली, पायरीशी उभे राहिले आणि फुंक घातली. काय निघाली! कवळी पडल्यापासून तसा आवाज निघाला नव्हता. भोयांनी खांदा दिला, पालखी उठली, गुलालाचा लोट गेला. मी आबांच्या तोंडाकडे बघत होते. उजव्या डोळ्याखाली गाल आतून कुणी बोट लावल्यासारखा वर आला. मग पांढऱ्या मिशीवर नाकातून लाल रेघ उतरली. ती ओठावर आली, सनईवर आली. ते थांबले नाहीत. पालखी वेशीबाहेर पडेपर्यंत वाजवत गेले, पण शेवटी शेवटी आवाजात एक शिट्टी मिसळली होती आणि ती सनईची नव्हती.

वेशीत त्यांनी सनई खाली घेतली, पटक्याच्या शेवानं मिशी पुसली.

"शालन," ते म्हणाले, "वारं नाकात गेलं."

मी लगेच मिरजेला चला म्हणाले. ते म्हणाले, यात्रा उठू दे. मिरजेला घरी आल्यावर चहा प्यायले तर तो नाकातून आला. मग ताप, मग तोंडाला वास. साहेब दौऱ्यावरून परतले आणि आम्ही आबांना घेऊन दवाखान्यात गेलो. पिशवी माझ्या मांडीवर होती.

डॉक्टरांनी बराच वेळ आत बघितलं. मग मास्क खाली केला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मागचे दोन्ही खिळे सुटलेत. भुकटी वाहून गेलीय. तोंड आणि पोकळी यांच्यामध्ये भोक पडलंय."

"हे तुमच्या हातून झालंय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढत गेला. "मोठमोठ्या पाट्या लावता. सत्तरीच्या माणसाला हात लावण्याआधी विचार करायचा! मी सोडणार नाही हे."

"साहेब, टाके मी स्वतः काढले तेव्हा सगळं कोरडं होतं. हा पडदा असा आपोआप जात नाही. काहीतरी जोरात फुंकलंय." त्या खुर्चीकडे वाकल्या. "आजोबा, काय फुंकलंत?"

"काहीही फुंकलेलं नाही त्यांनी!" साहेब म्हणाले.

आबांनी मान वळवली. साहेबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"शालन," ते म्हणाले, "ती पिशवी घिऊन भाईर बस. पायात येतीया."

पिशवी माझ्या मांडीवर होती.

तिथं बसल्या बसल्या मला तो पहिला दिवस दिसला. काम काय असतं, हा प्रश्न. आबांची वळलेली मान. मी आत असते तर बोलले असते, हे त्यांना माहीत होतं. म्हणून आधी मला आणि सनईला बाहेर घालवलं आणि उत्तर पोराकडे सोपवलं.

मी उठले नाही. फडकं सोडलं आणि डॉक्टरांच्या हत्यारांच्या ट्रेवर, त्या चिमट्यांच्या आणि आरशांच्या शेजारी, सनई ठेवली. तिच्या तोंडाशी रक्त वाळून काळं झालं होतं.



डॉक्टर सनईकडे बघत होत्या. मग साहेबांकडे.

"मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, त्यामुळे ते जास्त लागलं. "ताई बाहेर होत्या तेव्हा. काम काय, काही वाजवता-फुंकता का. शंख, बासरी, सनई, नावं घेऊन विचारलं होतं. वरच्या जबड्याचं काम असलं की मी प्रत्येकाला विचारते. तुम्ही म्हणालात, 'छे छे, आमच्यात तसलं काही नाही.'"

तसलं.

साहेब उभे होते ते खाली बसले. स्टूल कुठं आहे हे न बघता बसले, पडता पडता राहिले.

"एक शब्द पुरला असता," डॉक्टर म्हणाल्या. "मागच्या हाडाला मी हातच लावला नसता. पुढं पोकळी नाही, तिथं जमवलं असतं. नाहीतर आधी यात्रा होऊ दिली असती. घाई कुणाला होती?"

"बाई, त्याला बोलू नगा," आबा म्हणाले. खुर्चीतून अर्धे उठले होते, शब्दांबरोबर नाकातून वारा येत होता. "त्याला ठावं न्हवतं. त्याला वाटलं, मी सोडलीया. मी चोरून वाजवतो."

आयुष्यात आबांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. त्यांना ते जमत नव्हतं. डॉक्टरांनाही कळलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

"भोक बुजवू," त्या म्हणाल्या. "एकदा नाही जमलं तर दोनदा. जेवता येईल नीट, पाणी पिता येईल."

"आन ही?" आबांनी बोट सनईवर ठेवलं.

डॉक्टरांनी ती ट्रेवरून उचलली, ओल्या कापसानं तोंडाशी वाळलेलं रक्त पुसलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिली.

"नाही, आबा," त्या म्हणाल्या. त्यापूर्वी त्या त्यांना आजोबा म्हणत.

जिना उतरताना साहेब पुढे गेले होते. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, एकेक पायरी घेत होते.

"तू भाईर बसाया पायजे हुतंस," ते म्हणाले.

"का, आबा?"

"सनई काय, आज ना उद्या जानारच हुती. लई कष्टानं उभं राहिलंय पोरगं. तेला लोकांत खाली बघाया लावलंस."

मी खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट धरला आणि पुढची पायरी उतरले. 

भोक दुसऱ्या खेपेला बुजलं. आबा जेवू लागले. साहेब त्यांच्याशी बोलत, औषधं वेळेवर देत, रविवारी दाढी करून देत, पण नजर हनुवटीच्या वर नेत नसत. दवाखान्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. सोडणार नाही म्हणाले होते, तेही तिथंच राहिलं.

पुढच्या चैत्रात यात्रेच्या सकाळी मी आबांना घेऊन ओट्यापाशी उभी होते. पालखी मांडलेली. हलगी थांबली. यंदा काय होणार, हे गावालाही ठाऊक नव्हतं, लहू तर मागच्या वर्षीच्या लाजेनं गावातच आला नव्हता. तेवढ्यात गर्दीतून साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. मला काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी बूट काढले, पायरीशी ठेवले आणि शर्टाच्या आतून एक काळी पडलेली वस्तू काढली. सूर. त्यांचा लहानपणचा. घरात कुठं ठेवला होता, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं.

त्यांना तेवढंच येत होतं. एकच आवाज.

गर्दीत पाटबंधारे खात्यातले दोन शिपाई होते. "आपलं सायेब हायती ते!" त्यातला एक मोठ्यानं म्हणाला.

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी आबांकडे पाहिलं, डोळ्यांत पाहिलं.

"धर, उत्तम," आबा म्हणाले.

साहेबांनी सूर धरला. पहिल्यांदा तो फुटला. मग लागला. खाली एक जाड, सपाट आवाज आणि त्याच्यावर काहीच नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. "वरचं कुटं हाय?" कुणीतरी विचारलं. साहेबांना सांगता येत नव्हतं, तोंड गुंतलेलं होतं. गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी चाललेलं. गुरवांनी थोडी वाट पाहिली, मग भोयांना मान हलवली. पालखी उठली.

आबा लेकाच्या शेजारून चालत होते. सनई त्यांनी छातीशी धरली होती, तोंडापासून लांब. तिच्या भोकांवर त्यांची बोटं चालली होती, चुकत नव्हती.

मी मागून चालत होते. पिशवी माझ्या हातात होती, रिकामी.